जर्मनीत डॉक्टरची अपॉइंटमेंट: आजारी पडायच्या आधी काय करायचं आणि पडल्यावर कुठे फोन करायचा

जर्मनीत नवीन आलेल्या प्रत्येकाला माझं एकच सांगणं असतं. पत्त्याची नोंदणी झाली, बँकेचं खातं झालं, क्रांकनकासेचं म्हणजे आरोग्य विम्याचं कार्ड पोस्टाने आलं की त्याच आठवड्यात घराजवळचा एक हाउसआर्त्स्ट पक्का करून टाका. हाउसआर्त्स्ट म्हणजे आपला फॅमिली डॉक्टर. अंगात ताप भरल्यावर शोधू असं म्हणून ठेवू नका, कारण बऱ्याच शहरांत निम्म्या ठिकाणी तरी "नवीन पेशंट घेत नाही" हेच ऐकायला मिळतं, आणि १०२ ताप असताना दहा दवाखान्यांना मोडक्या जर्मनमध्ये फोन करत बसायची वेळ कुणावरच येऊ नये.

दुसरं म्हणजे इथे बाकी सगळं या एका माणसावर अडतं. स्पेशालिस्टकडे जायची चिठ्ठी, नेहमीच्या गोळ्यांचं प्रिस्क्रिप्शन, ऑफिससाठी आजारपणाचं सर्टिफिकेट, सगळं तिथूनच. सरकार-दरबारी कुठे नाव नोंदवायचं नसतं, डॉक्टर निवडायला तुम्ही मोकळे आहात, एकदा जाऊन कार्ड मशीनमध्ये घातलं आणि त्यांच्या कॉम्प्युटरवर तुमची फाइल उघडली की तुम्ही तिथले पेशंट झालात. पुढच्या वेळी फोनवर "मी आधी येऊन गेलेय" म्हणता येणं ही फार मोठी गोष्ट आहे.

मग शोधायचा कसा? ११६११७ ही इथली डॉक्टरांच्या सेवेची हेल्पलाइन आहे, तिच्या वेबसाइटवर डॉक्टर शोधायची सोय आहे, तिथे पिनकोड टाका. डॉक्टोलिबवर म्हणजे ऑनलाइन अपॉइंटमेंटच्या साइटवर पण बघा, तिथे डॉक्टर कुठली भाषा बोलतात त्याचा फिल्टर आहे, पण सगळे डॉक्टर डॉक्टोलिबवर नसतात हे ध्यानात ठेवा, जुने अनुभवी डॉक्टर कित्येकदा फक्त फोनवरच अपॉइंटमेंट देतात. शोधताना नुसतं आलगेमाइनमेडित्सिन म्हणजे जनरल मेडिसिन टाकून थांबू नका, इंटर्निस्ट म्हणजे एमडी मेडिसिनवाले पण बरेचजण हाउसआर्त्स्ट म्हणून काम करतात, त्यांची नावं नवीन लोकांच्या यादीत येतच नाहीत. आणि शक्यतो चालत जाता येईल असाच निवडा, तुम्ही तिथे जाणार ते आजारी असतानाच.

फोनवर नाही म्हणाले तरी एकदा प्रत्यक्ष जाऊन विचारा. सोमवारी सकाळी नको, शनिवार-रविवारचं साठलेलं सगळं आजारपण तेव्हा दारात उभं असतं. मधल्या एखाद्या दिवशी दहा-अकराच्या सुमाराला जा, कार्ड हातात ठेवा, मी याच गल्लीत राहायला आलेय म्हणून सांगा. समोर उभ्या माणसाला नाही म्हणणं फोनपेक्षा अवघड जातं, हे सगळीकडे सारखंच. बुधवारी आणि शुक्रवारी दुपारनंतर बहुतेक दवाखाने बंद असतात, हे कुणी सांगत नाही आणि माणूस उगीच खेटे घालतो.

पहिल्या भेटीला निमित्त हवं असेल तर चेक-अप मागा. सरकारी क्रांकनकासे १८ ते ३४ वयात एकदा आणि ३५ नंतर दर ३ वर्षांनी या तपासणीचे पैसे देते. घाईची नसल्यामुळे तारीख महिन्याभराने मिळाली तरी बिघडत नाही, फाइल उघडते आणि वय ३५ च्या पुढे असेल तर रक्त-लघवीचे रिपोर्टही होतात.

आता विम्याचं, कारण याचा घोळ फार जणांचा होतो. इथे दोन प्रकार आहेत, गेझेत्स्लिश म्हणजे टीके, आओके, बार्मर वगैरे सरकारी चौकटीतल्या कासे, आणि प्रिवाट म्हणजे खासगी. डॉक्टोलिबवर बुकिंग करताना पहिला प्रश्न हाच येतो. तिथे प्रिवाट दाबलं की पुढच्या दोन दिवसांतले स्लॉट दिसायला लागतात आणि मोह होतो, पण तुमचा विमा गेझेत्स्लिश असेल तर ते स्लॉट तुमचे नाहीत, काउंटरवरून परत पाठवतील नाहीतर बिल हातात ठेवतील. तसंच काही दवाखान्यांच्या पाटीवर प्रिवाटप्राक्सिस लिहिलेलं असतं, तिथे कासेचं कार्ड चालत नाही, पूर्ण पैसे खिशातून. स्टुडंट म्हणून किंवा नव्या नोकरीच्या सुरुवातीला ज्यांनी परदेशी लोकांसाठीची खासगी पॉलिसी घेतलीये त्यांना डॉक्टर बिल देतो, ते आधी भरायचं आणि मग कंपनीकडून परत मागायचं, त्यामुळे पॉलिसीत काय बसतं आणि काय नाही ते आधी वाचून ठेवा.

कार्ड अजून आलंच नसेल तर? कासेला फोन करा किंवा त्यांच्या अॅपवरून एर्झात्सबेशाइनिगुंग मागवा, म्हणजे हा माणूस आमच्याकडे इन्शुअर्ड आहे असा कागद, तो कार्डाच्या जागी चालतो. कार्ड घरी विसरलात तर १० दिवसांत नेऊन दाखवायचं, नाहीतर ते प्रायव्हेट बिल लावू शकतात. आणि कार्ड दर क्वार्टालला म्हणजे जानेवारी, एप्रिल, जुलै, ऑक्टोबरपासूनच्या तीन महिन्यांत एकदा तरी मशीनमध्ये घालावंच लागतं. बीपी, थायरॉइड, शुगरच्या गोळ्या चालू असतील तर क्वार्टालच्या पहिल्या आठवड्यातच जाऊन कार्ड दाखवून या, मग पुढचं प्रिस्क्रिप्शन बऱ्याच ठिकाणी फोनवर सुद्धा होतं, ते त्याच कार्डावर ऑनलाइन येतं आणि अपोटेकेत म्हणजे मेडिकलमध्ये कार्ड दाखवलं की औषध मिळतं. हे प्रिस्क्रिप्शन २८ दिवसांच्या आत वापरायचं. प्रत्येक औषधामागे तुम्हाला साधारण ५ ते १० युरो भरावे लागतात, १८ च्या आतल्या मुलांना तेही नाही.

आता फोन. सगळ्यात जास्त भीती याचीच असते आणि मला वाटतं ती बाळगायची गरज नाही, कारण रिसेप्शनवरच्या बाई जवळजवळ ठरलेलेच चार प्रश्न विचारतात आणि त्याची तयारी कागदावर करता येते. तुम्ही सुरुवात करायची:

"गुटन मॉर्गन, माइन नामे इस्ट देशपांडे, इश म्योश्टे गेर्न आइनेन टेर्मीन फेरआइनबारेन."

मला अपॉइंटमेंट हवी आहे, एवढंच. मग त्या विचारतात, "वारेन झी शोन माल बाय उन्स?" म्हणजे आधी आमच्याकडे आला होतात का. आला असाल तर "या", नसाल तर "नाइन, इश बिन नॉय". मग "गेझेत्स्लिश ओडर प्रिवाट?", मग "गेबुर्ट्सडाटुम?" म्हणजे जन्मतारीख, ती दिवस-महिना-वर्ष याच क्रमाने सांगायची. आणि मग मुख्य प्रश्न, "वोरुम गेट एस?", काय होतंय. इथे लाजून नुसतं "बरं वाटत नाहीये" म्हणू नका, त्याच्यावरून त्यांना घाई किती आहे ते कळत नाही आणि तारीख लांबची मिळते. काय होतंय, कधीपासून आणि वाढतंय का, या तीन गोष्टी एका वाक्यात सांगा. "झाइट ड्राय टागेन फीबर उंड हुस्टेन, एस विर्ड श्लिमर", तीन दिवसांपासून ताप आणि खोकला, वाढत चाललंय. दुखत असेल तर "श्मेर्त्सेन" आणि कुठे ते. खरं तेच सांगा पण पूर्ण सांगा. आपल्याला कमी करून सांगायची सवय असते, थोडंसं दुखतंय असं म्हणायची, ती इथे सोडा.

समजलं नाही तर "बिटे लांगझाम", हळू बोला, असं खुशाल म्हणा. "श्प्रेशेन झी एंग्लिश?" पण विचारा, तरुण स्टाफला बऱ्यापैकी येतं, पण इंग्लिश बोलायचं बंधन कुणावर नाही हे मनात ठेवून विचारा म्हणजे वाईट वाटत नाही.

नाव सांगताना मात्र जपून. जर्मन अक्षरांचे उच्चार वेगळे आहेत आणि इंग्लिश पद्धतीने स्पेलिंग सांगितलं की तुमचं नाव भलतंच लिहिलं जातं आणि मग कार्डाशी जुळत नाही. इंग्लिशमधला "ई" त्यांना आय वाटतो, इंग्लिशमधला "ए" त्यांना ई वाटतो. जे ला योट म्हणायचं, व्ही ला फाउ, डब्ल्यू ला वे, वाय ला इप्सिलॉन. म्हणजे जोशी असाल तर "योट, ओ, एस, हा, ई". देशपांडे असाल तर "डे, ए, एस, हा, पे, आ, एन, डे, ए". वैद्य लोकांनी तर फाउ आणि इप्सिलॉन पाठच करावं. फोनवर स्पष्ट व्हावं म्हणून ते "आ वी आंटॉन, बे वी बेर्टा" अशी नावं वापरतात, २०२२ मध्ये अधिकृत यादी बदलून शहरांची नावं आली पण लोक अजून जुनीच म्हणतात, दोन्ही समजतात. आपल्या आडनावाची एक चिठ्ठी करून फोनच्या मागे चिकटवा, चेष्टा नाही करत, महिनाभर उपयोगी पडते.

वेळ ऐकताना एक गोष्ट फार महत्त्वाची. त्यांनी "हाल्ब नॉयन" सांगितलं तर ते साडेआठ, साडेनऊ नाही. नॉयन म्हणजे नऊ ऐकून माणूस साडेनऊला पोचतो आणि टेर्मीन म्हणजे अपॉइंटमेंट गेलेली असते. म्हणून ठेवायच्या आधी आपणच परत म्हणायचं, "डीन्सटाग, आख्ट ऊर ड्रायसिश, रिश्टिश?" मंगळवार, आठ तीस, बरोबर? अशी आकड्यात खात्री करून घेतली की घोळ होत नाही.

आता स्पेशालिस्ट. इथे खरी वाट बघावी लागते आणि माहिती असण्या-नसण्याचा फरक इथेच पडतो. डोळ्यांचे, बायकांचे, लहान मुलांचे आणि दातांचे डॉक्टर, यांच्याकडे थेट जाता येतं. बाकीच्यांकडे हाउसआर्त्स्टची चिठ्ठी घेऊन जायचं, तिला यूबरवाइझुंग म्हणतात. एक्स-रे, एमआरआय वगैरेला तर ती लागतेच.

चिठ्ठी मिळाली म्हणजे तारीख मिळाली असं नाही. त्वचेच्या किंवा हार्मोनच्या डॉक्टरकडे फोन केला तर पाच-सहा महिन्यांनंतरची तारीख मिळणं अजिबात नवीन नाही. म्हणून हाउसआर्त्स्टकडून उठायच्या आधी दोन गोष्टी विचारा. पहिली, ही चिठ्ठी ड्रिंगलिश आहे का, म्हणजे तातडीची आहे का, आणि असेल तर त्यावर फरमिटलुंग्सकोड द्याल का. हा १२ अक्षर-आकड्यांचा कोड असतो. तो घेऊन ११६११७ वर फोन करायचा किंवा त्यांच्या वेबसाइटवर टाकायचा, तिथली टेर्मीनसर्व्हिस तुम्हाला साधारण ४ आठवड्यांच्या आतली अपॉइंटमेंट शोधून देते, तसं कायद्याने त्यांच्यावर बंधन आहे. डोळ्यांच्या आणि बायकांच्या डॉक्टरसाठी हा कोड लागत नाही, तसाच फोन करता येतो. ही सोय फक्त सरकारी कासेवाल्यांना. डॉक्टर आपण निवडायचा नाही, ते देतील तो घ्यायचा, आणि दवाखाना शहराच्या दुसऱ्या टोकाला असू शकतो. पण तब्येतीची काळजी असताना तासभर ट्राममध्ये बसणं परवडतं, सहा महिने थांबणं परवडत नाही.

दुसरी गोष्ट, तुम्हीच तिथे फोन करून तारीख घेऊन द्याल का. हाउसआर्त्स्टने स्वतः अशी अपॉइंटमेंट ठरवून दिली तर दोन्हीकडच्या डॉक्टरांना कासेकडून जास्तीचे पैसे मिळतात, त्यामुळे यात तुम्ही उपकार मागताय असं अजिबात नाही. माझ्या एका मैत्रिणीच्या गळ्याला गाठ लागत होती, तिने स्वतः केलेल्या सगळ्या फोनवर पुढच्या वर्षीच्या तारखा येत होत्या, हाउसआर्त्स्टच्या रिसेप्शनवरून एक फोन गेला आणि पुढच्याच आठवड्यात सोनोग्राफी झाली. गाठ साधी निघाली, पण ते वर्षभर डोक्यात घेऊन फिरण्यापेक्षा आठवड्यात कळलं हे किती बरं. म्हणून मागा, संकोच करू नका.

ओफेने श्प्रेखश्टुंडे नावाची आणखी एक वाट आहे. डोळे, त्वचा, कान-नाक-घसा, हाडं अशा काही डॉक्टरांना २०१९ पासून आठवड्याला निदान ५ तास अपॉइंटमेंट नसलेल्या पेशंटसाठी ठेवावे लागतात. वेळा वेबसाइटवर असतात. उघडायच्या अर्धा तास आधी जाऊन रांगेत उभं राहायचं, पुस्तक आणि पाण्याची बाटली घेऊन, कारण थांबावं लागतं. हाउसआर्त्स्टकडे पण सकाळी अकूटश्प्रेखश्टुंडे असते बहुतेक, आजच्या आज आजारी असलेल्यांसाठी. आठ वाजता फोन उघडला की लगेच लावा, नवाला लावलात तर दिवस भरलेला असतो.

ठरलेली अपॉइंटमेंट लांबची असेल तरी डॉक्टोलिबवर लवकरच्या स्लॉटची सूचना चालू करून ठेवा. लोक आदल्या दिवशी रद्द करतात आणि ते स्लॉट मिळतात.

रात्री, शनिवार-रविवारी, सणावाराला काय करायचं तेही आत्ताच फोनमध्ये सेव्ह करून ठेवा. दोन नंबर आहेत. छातीत दुखतंय, श्वास घेता येत नाही, तोंड वाकडं झालं, एका बाजूचा हात उचलत नाही, शुद्ध हरपली, भरपूर रक्त जातंय, यातलं काहीही असेल तर ११२. इथे विचार करत बसायचं नाही, भाषा येत नाही म्हणून कचरायचं नाही, फोन फुकट आहे आणि सगळ्या युरोपियन युनियनमध्ये हाच चालतो. आधी पत्ता सांगा, मग काय झालं ते, आणि त्यांनी ठेवा म्हणेपर्यंत फोन ठेवू नका. जिवावरचं नाही पण सकाळपर्यंत थांबवतही नाही, मुलाचा ताप उतरत नाही, कान ठणकतोय, उलट्या थांबत नाहीत, तेव्हा ११६११७, हा पण चोवीस तास आणि फुकट. ते काय होतंय ते विचारून जवळच्या ड्यूटीवरच्या दवाखान्यात पाठवतात, गरज असेल तर डॉक्टर घरी पण पाठवतात. सरळ हॉस्पिटलच्या नोटआउफनामेत म्हणजे कॅज्युअल्टीत गेलात तर तिथे नंबर येण्याच्या क्रमाने नाही, आजाराच्या गांभीर्याने लागतो, साध्या तापाला चार-पाच तास सहज जातात.

नोकरीवाल्यांसाठी थोडक्यात. आजारी पडल्याच्या पहिल्याच दिवशी ऑफिसला कळवा. आजारपण तीन दिवसांच्या वर गेलं की सर्टिफिकेट लागतं, काही कंपन्या पहिल्याच दिवसापासून मागतात, कॉन्ट्रॅक्टमध्ये बघा. सरकारी कासेवाल्यांचं २०२३ पासून ऑनलाइन जातं, कंपनी कासेकडून घेते. साधं आजारपण असेल आणि डॉक्टर तुम्हाला ओळखत असेल तर फोनवर ५ दिवसांपर्यंतचं मिळू शकतं. ओळखत असेल तर, म्हणून तर वर एवढं हाउसआर्त्स्टचं सांगितलं.

बाळ होणार असेल तर बालरोगतज्ज्ञ गरोदरपणातच शोधा आणि हेबामे म्हणजे सुईण तर टेस्ट पॉझिटिव्ह आल्या-आल्या. बाळाच्या तपासण्या ठरलेल्या वेळेतच व्हाव्या लागतात, तिसरी म्हणजे ऊ३ चौथ्या-पाचव्या आठवड्यात असते, आणि ओल्या बाळंतिणीला किंवा तिच्या नवऱ्याला तेव्हा दवाखाने शोधत फिरायला लावू नका. मन बरं नसेल, झोप लागत नसेल, सारखं रडू येत असेल तर त्यासाठी पण ११६११७ वरून सायकोथेरपिस्टची पहिली भेट मिळते, त्याला चिठ्ठी लागत नाही. परक्या देशात एकटेपणाने कितीजण आतल्या आत झिजतात, आणि हे माहितीच नसतं, म्हणून मुद्दाम लिहिते.

भेटीच्या दिवशी कार्ड, चिठ्ठी, जुने रिपोर्ट आणि चालू गोळ्यांची यादी न्या. यादीत ब्रँड नको, आतलं औषध लिहा. क्रोसिन इथे कुणाला कळत नाही, पॅरासिटामॉल लगेच कळतं. कशाची अॅलर्जी असेल तर तीही त्याच कागदावर. प्रश्न लिहून न्या, डॉक्टर देतो तो वेळ कमी असतो आणि बाहेर पडल्यावर आठवतं. भाषेची फारच अडचण असेल तर जर्मन येणाऱ्या कुणाला तरी बरोबर न्या, दुभाष्याचे पैसे कासे सहसा देत नाही. लहान मुलाला आईबापांचं भाषांतर करायला नेऊ नका, काही गोष्टी त्यांच्या कानावर त्या वयात पडू नयेत.

जाता येत नसेल तर निदान २४ तास आधी रद्द करा, नुसतं न गेल्यास काही ठिकाणी दंड लावतात आणि पुढच्या वेळी तारीख द्यायला कुरकुर करतात. आणि ऐन वेळी तुमचा डॉक्टर सुट्टीवर निघाला, उन्हाळ्यात दोन-तीन आठवडे हमखास असतोच, तर दारावर किंवा आन्सरिंग मशीनवर फरट्रेटुंग म्हणून दुसऱ्या डॉक्टरचं नाव-नंबर दिलेला असतो, तिथे जाऊन अमुक डॉक्टरांची पेशंट आहे म्हणून सांगायचं, त्या काळात ते तुम्हाला बघतात.